न्यायाधीशांविरुद्धच्या तक्रारीला उत्तर द्यायची मुदत कायद्यात घाला : विदर्भाच्या खासदारांना खुले पत्र

प्रति,
विदर्भातून लोकसभेत निवडून गेलेले दहा खासदार आणि राज्यसभेत बसणारे विदर्भातले सर्व सदस्य

स.न.वि.वि.

ऑगस्ट 2025 मध्ये लोकसभा अध्यक्षांनी उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींना हटवण्याचा प्रस्ताव दाखल करून घेतला आणि चौकशीसाठी तिघांची समिती नेमली. दिल्लीतल्या त्यांच्या सरकारी निवासस्थानी मार्चमध्ये आग लागली होती, जळालेल्या नोटांचे व्हिडिओ देशभर फिरले होते, आणि त्यांनी सगळे आरोप ठामपणे नाकारले होते. प्रस्तावावर 146 खासदारांच्या सह्या होत्या, दोन्ही बाजूंच्या बाकांवरच्या. म्हणजे मनात आणलं की संसदेला न्यायाधीशांच्या वर्तनाबद्दल बोलता येतं.

माझं पत्र त्या प्रकरणाबद्दल नाही. जिथे आग लागत नाही, व्हिडिओ निघत नाही, फक्त एका छोट्या कोर्टातल्या एका कागदावर एक ओळ कमी पडते, त्याबद्दल आहे. अशा तक्रारीचं पुढे काय होतं हे तुमच्यापर्यंत येत नाही, कारण सांगू शकणारा माणूस पुढच्या पेशीला त्याच कोर्टात उभा असतो. मला आता कुठल्याच कोर्टात उभं राहायचं नसतं, म्हणून लिहिते.

मी विदर्भातल्या निरनिराळ्या न्यायालयांत स्टेनो म्हणून नोकरी केली आणि निवृत्त होऊन नागपुरात राहते. आयुष्य डायसच्या बाजूला बसून डिक्टेशन घेण्यात गेलं. फायलींचे गठ्ठे घरी नेऊन रात्री निकाल लिहिणारे न्यायाधीश मी पाहिले आहेत, आणि बहुतेक तसेच होते. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं वाचताना कोणाला ‘ही बाई न्यायव्यवस्थेवर चिखल उडवते’ असं वाटू नये.

माझ्या धाकट्या दिरांचं भाड्याचं दुकान होतं. मालकाशी वाद झाला, दावा लागला, मनाई हुकमाचा अर्ज केला. अर्जावर भर कोर्टात, दोन्ही वकिलांसमोर, पुढच्या पेशीपर्यंत ताबा जैसे थे ठेवायला सांगण्यात आलं. मी मागच्या बाकावर बसले होते आणि ऐकलेलं शब्दाला शब्द टिपणं हीच माझी नोकरी होती. रोजनामा, म्हणजे त्या दिवशी कोर्टात काय झालं त्याची नोंद, संकेतस्थळावर आला तेव्हा त्यात जैसे थे हे शब्दच नव्हते. समोरच्याच्या ‘से’साठी, म्हणजे लेखी म्हणण्यासाठी, पुढची तारीख, एवढंच. पुढच्या पेशीच्या आत दुकानाला दुसरं कुलूप लागलं.

कोणी पैसे घेतले असं मी म्हणत नाही. जे पाहिलं नाही ते लिहायची मला सवय नाही. ती ओळ साहेबांनी मुद्दाम गाळली, खालच्या कोणी गाळली, की गडबडीत राहून गेली, एवढंच तपासा अशी आमची मागणी होती. आधी त्याच कोर्टात अर्ज दिला. तो ‘नोंद पाहिली, निकाली’ अशा शेऱ्याने संपला. मग शपथपत्रासह रीतसर तक्रार जिथे करायची तिथे केली. पोच आली. त्यानंतर काहीही आलं नाही. ‘तुमची तक्रार खोटी आहे’ असंसुद्धा कोणी कळवलं नाही. कळवलं असतं तर मी वाद घातला असता किंवा गप्प बसले असते, पण हे पत्र लिहिलं नसतं.

‘अपील करा ना’ असं सगळे म्हणतात. चुकीच्या निकालाला अपील हाच इलाज आहे, यात मला शंका नाही. पण अपिलाचं कोर्ट कागद बघतं, आणि आमची तक्रारच कागदाबद्दल आहे. महाराष्ट्र सरकार विरुद्ध रामदास नायक या 1982 च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की कोर्टात काय घडलं याबद्दल न्यायाधीशांनी केलेली नोंद अंतिम. ती चुकली असं वाटलं तर आठवण ताजी असताना त्याच न्यायाधीशांकडे जा. गंमत पाहा, नायक विरुद्ध अंतुले याच लढाईतून 1984 साली दुसरा निवाडा आला, की फौजदारी कायद्याचं चाक कोणताही नागरिक फिरवू शकतो. मुख्यमंत्रिपदावर राहिलेल्या माणसाविरुद्ध एक नागरिक खासगी फिर्याद करू शकला, ती या मातीतली गोष्ट आहे. न्यायाधीशाचा विषय आला की मात्र पहिला निवाडा पूर्ण लागू होतो आणि दुसऱ्याला परवानग्या आडव्या येतात.

त्या परवानग्या कुठल्या, हे तुमच्या मतदारांपैकी फार थोड्यांना माहीत असेल. तुम्हाला माहीत असायला हवं, कारण त्यातल्या काही तुमच्याच सभागृहाने केल्या आहेत.

कंपनी सरकारच्या काळातला 1850 चा कायदा न्यायिक अधिकाऱ्याला दिवाणी दाव्यापासून वाचवतो. दंड संहितेनेही न्यायाधीश म्हणून सद्भावनेने केलेलं काम गुन्ह्यातून वगळलं. मग 1985 साली संसदेने न्यायाधीश संरक्षण कायदा केला. कर्तव्य बजावताना, किंवा बजावतो असं समजून, न्यायाधीशाने जे केलं, जे उच्चारलं, त्याबद्दल दिवाणी किंवा फौजदारी कोणतंच प्रकरण कोणत्याही कोर्टाने चालवायचं नाही. याच कायद्याच्या कलम 3 चं दुसरं पोटकलम म्हणतं की केंद्र सरकार, राज्य सरकार, सर्वोच्च न्यायालय, उच्च न्यायालय किंवा कायद्याने अधिकार दिलेलं इतर प्राधिकरण कारवाई करू शकतं. यादी नीट वाचली तर कळतं की राहिला तो फक्त फिर्यादी नागरिक. त्याने यांच्यापैकी कोणाला तरी विनंती करायची. ठीक आहे, केली. विनंतीला उत्तर द्यायचं बंधन मात्र कायद्यात शोधून सापडत नाही. दार आहे, पण कडी आतून आहे आणि आतल्याने ओ द्यावी असं कुठे लिहिलेलं नाही.

1991 च्या वीरस्वामी निवाड्याने उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली लोकसेवक ठरवले. तेवढंच करून थांबले नाहीत. सरन्यायाधीशांशी सल्लामसलत झाल्याशिवाय त्यांच्यावर गुन्हा नोंदवायचा नाही असंही सांगितलं. खालच्या न्यायाधीशांबाबत 1994 च्या उत्तर प्रदेश न्यायिक अधिकारी संघटनेच्या प्रकरणात तसंच ठरलं: न्यायाधीश म्हणून केलेल्या कामाबद्दल उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींची परवानगी असल्याशिवाय पोलिसांनी गुन्हा दाखल करायचा नाही. त्यामुळे ठाण्यातल्या हवालदाराने आम्हाला ‘बाई, कायले या भानगडीत पडता’ म्हटलं तेव्हा मला त्याचा राग आला नाही. त्याचे हात खरंच बांधलेले होते.

ही पहिली परवानगी. दुसरी लागते ती खटला चालवायला. पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 197, आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 218. इथे तुम्ही एक चांगलं काम केलंत आणि ते मान्य करायला हवं. सरकारने मंजुरीच्या विनंतीवर 120 दिवसांत निर्णय घ्यावा, नाही घेतला तर मंजुरी मिळाली असं समजावं, अशी तरतूद तुम्ही घातली. पण हे घड्याळ दुसऱ्या परवानगीच्या भिंतीवर लावलंय. पहिल्या परवानगीला घड्याळच नाही. गुन्हाच नोंदला गेला नाही तर तपास होत नाही, तपास नाही तर पुरावा नाही, आणि पुरावा नाही तर 120 दिवस मोजायला सुरुवात कुठून करायची? कोणी म्हणेल, थेट खासगी फिर्याद करा. तिथेही नव्या संहितेच्या कलम 223 प्रमाणे लोकसेवकाला बाजू मांडायची संधी आणि त्याच्या वरिष्ठांचा अहवाल, हे आधी लागतं. अहवाल आला नाही तर काय, हे तिथे लिहिलेलं नाही.

माझी मुख्य तक्रार हीच आहे. परवानगी लागते याबद्दल नाही.

परवानगी का लागते हे मी पाहिलेलं आहे. हरलेला पक्षकार काय काय लिहितो, ते टपाल उघडणाऱ्याला विचारा. निनावी पत्रं, न्यायाधीशांच्या बायकोच्या साड्यांचे हिशेब, जातीवरून शिव्या. उद्या कोणालाही थेट गुन्हा नोंदवता आला तर जामीन नाकारायला कोणी धजणार नाही. आणि पोलिसांच्या हाती हे मोकळं सोडलं तर काय होतं ते नडियादला दिसलं. 25 सप्टेंबर 1989 ला गुजरातमधल्या नडियादच्या मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांना पोलिसांनी ठाण्यात नेऊन जबरदस्तीने दारू पाजली, बेड्या घातल्या, दोरीने बांधलं, वर फोटो काढले. त्यांचा गुन्हा एवढाच की पोलिसांच्या कामचुकारपणाबद्दल ते बोलत होते. सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये पोलिसांना शिक्षा दिली आणि न्यायिक अधिकाऱ्याला अटक करण्याआधी जिल्हा न्यायाधीश किंवा उच्च न्यायालयाला कळवण्याचे नियम घालून दिले. ती बातमी आली तेव्हा कोर्टातले आम्ही सगळे हादरलो होतो. 2014 साली सरन्यायाधीशांनी खालच्या न्यायाधीशांविरुद्धची तक्रार शपथपत्र आणि पडताळता येईल असा पुरावा असल्याशिवाय घेऊ नये अशी सूचना दिली, तेही बरोबरच झालं. आमची तक्रार त्या चाळणीतून गेलेली होती.

उत्तर न देण्याने न्यायाधीशांचंही भलं होत नाही. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींवर 2008 च्या रोख रकमेच्या प्रकरणात आरोप झाला. त्या निर्दोष सुटल्या मार्च 2025 मध्ये. इतकी वर्षं संशय डोक्यावर घेऊन जगणं ही कसली सुरक्षा? आमच्या तक्रारीतले साहेब निर्दोष असतील तर त्यांच्या नावापुढेही ‘प्रलंबित’ असंच कुठेतरी लिहिलेलं असणार.

दुसरी तक्रार वकिलांची, खरं तर वकील न मिळण्याची. नागपुरातल्या चांगल्या वकिलांनी आमचे कागद वाचले. सगळ्यांनी चहा पाजला. वकालतनाम्यावर सही करायला कोणी तयार झालं नाही. एकाने स्पष्ट सांगितलं, ‘ताई, माझ्या बाकीच्या पक्षकारांचं काय?’ मला त्याचा प्रश्न रास्त वाटला. मोफत विधी सेवेचा 1987 चा कायदा कलम 12 मध्ये स्त्रीला उत्पन्न न विचारता वकील देतो, म्हणून फिर्याद माझ्या नावाने करून तो मार्ग धरावा असं ठरलं. पण जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे अध्यक्ष कोण असतात? जिल्हा न्यायाधीश. त्यांच्याच जिल्ह्यातल्या न्यायाधीशाविरुद्ध लढायला त्यांनीच मला वकील द्यायचा. हा त्यांच्यावरही अन्याय आहे.

तिसरी, तोंडाला लागलेल्या कुलपाची. पत्र छापायचं म्हटल्यावर मुलाने पहिला प्रश्न विचारला, ‘आई, अवमान होईल का?’ न्यायालय अवमान कायदा 1971 चं कलम 6 सांगतं की खालच्या न्यायालयाच्या पीठासीन अधिकाऱ्याबद्दल वरच्या न्यायालयाकडे सद्भावनेने केलेलं विधान अवमान ठरत नाही. 2006 च्या दुरुस्तीने, लोकहितासाठी सांगितलेलं सत्य हाही बचाव म्हणून ऐकता येतो. पण सत्य आधी सिद्ध करावं लागतं, आणि सिद्ध करायला लागणारा तपास तर परवानगीपाशी अडलाय. म्हणजे आत बोलावं तर उत्तर नाही, बाहेर बोलावं तर सहा महिन्यांपर्यंत कैद. म्हणून मी गाव, कोर्ट, नाव, साल यातलं काहीच इथे लिहिलेलं नाही. एखाद्याला हे पत्र मोघम वाटलं तर त्याचं कारण हे आहे.

सगळंच अडतं असं नाही. डिसेंबर 2024 मध्ये साताऱ्याच्या एका जिल्हा न्यायाधीशांवर लाच मागितल्याच्या आरोपावरून लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने गुन्हा नोंदवला, आणि पुढच्या वर्षी उच्च न्यायालयाने त्यांना सेवेतून बडतर्फ केलं. फौजदारी खटल्याचा निकाल हा वेगळा विषय. पण सापळ्यात नोटा मोजता येतात. रोजनाम्यातून गळलेल्या ओळीला सापळा कसा लावणार? सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली जिल्हा न्यायालयांत कॅमेरे बसवायला सांगितले, तेही सुरुवातीला आवाजाविना. आमचा सगळा वाद आवाजाचा.

आता तुमच्याबद्दल. न्यायिक मानके आणि उत्तरदायित्व विधेयक 2010 साली आलं, मार्च 2012 मध्ये लोकसभेने मंजूर केलं, आणि 2014 मध्ये पंधराव्या लोकसभेबरोबर संपलं. त्यात तक्रार कोणाकडे करायची, कोणी छाननी करायची, खोटी तक्रार करणाऱ्याला काय शिक्षा, हे सगळं होतं. ते फक्त उच्च आणि सर्वोच्च न्यायालयापुरतं होतं, खालच्या कोर्टांना नव्हतं, तरी सुरुवात होती. त्यानंतर तीन लोकसभा निवडणुका झाल्या. सरकार बदललं, पुन्हा आलं, पुन्हा आलं. विधेयक आलं नाही. दरम्यान लोकपालांनी जानेवारी 2025 मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायाधीश आपल्या कक्षेत येतात असं म्हटलं आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. आगीच्या प्रकरणात गुन्हा नोंदवा म्हणून गेलेल्या याचिकाकर्त्यांना मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की न्यायालयाच्या अंतर्गत चौकशीचा अहवाल राष्ट्रपती आणि पंतप्रधानांकडे गेलाय, आधी तिथे निवेदन द्या. निवेदन देणं हाच नागरिकाचा अधिकार उरला असेल तर त्या निवेदनाचं काय करायचं, हे कायद्याने सांगावं. तो कायदा कोर्ट करणार नाही, तुम्हीच करायचा आहे.

आपल्या भागाला न्यायाधीशांचा अभिमान आहे आणि तो खोटा नाही. 1936 साली नागपूरला स्वतःचं हायकोर्ट मिळालं. हिदायतुल्ला साहेब इथे मुख्य न्यायमूर्ती होते, पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले आणि सरन्यायाधीश झाले. बोबडे साहेब झाले, गवई साहेब झाले. सिव्हिल लाइन्समधल्या त्या दगडी इमारतीपुढून जाताना आजही माझी चाल हळू होते. या अभिमानामुळेच इथला माणूस न्यायाधीशाबद्दल बोलायला कचरतो, आणि खासदार तर त्याहून जास्त. कचरू नका. मी मागते त्यात एकाही न्यायाधीशाच्या निकालाला हात लागत नाही.

मागण्या अशा:

शपथपत्रासह आलेल्या प्रत्येक तक्रारीला क्रमांक द्या आणि 120 दिवसांत कारणांसह लेखी उत्तर द्या. ‘तथ्य नाही’ असं असेल तर का नाही, ते एका पानात. दिवसांचा आकडा माझा नाही, तुम्हीच कलम 218 मध्ये घातलेला आहे. परवानगी देण्याचा अधिकार आज जिथे आहे तिथेच राहू द्या.

नोंद बदलणे आणि लाच घेणे हे ‘न्यायिक कर्तव्य’ नाही, असं स्पष्टीकरण 1985 च्या कायद्यात जोडा. दंड संहितेत भ्रष्ट हेतूने कायद्याविरुद्ध निर्णय देणाऱ्या लोकसेवकाला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पूर्वीचं कलम 219, आता न्याय संहितेचं 257. ते कलम पुस्तकात आहे, तर ते लावायचा रस्ताही असू द्या.

तक्रार आली त्या दिवसापासून त्या तारखेचं चित्रीकरण, रोजनाम्याचा मसुदा आणि संगणकावर कोणी कधी काय बदललं याची नोंद जपून ठेवणं बंधनकारक करा. जिल्हा न्यायालयांत आवाजही टिपला जाऊ द्या. मी स्टेनो होते, मला त्याची भीती कधीच वाटली नसती.

अशा प्रकरणात मोफत वकील दुसऱ्या जिल्ह्यातून द्या.

दर वर्षी प्रत्येक राज्यात किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या, हे नावांशिवाय जाहीर करा. आणि खोटी तक्रार सिद्ध झाली तर तक्रारदाराला शिक्षा ठेवा, माझी हरकत नाही.

विधेयकाला वेळ लागेल हे मला कळतं. प्रश्न विचारायला लागत नाही, पंधरा दिवस आधी सूचना दिली की झालं. तो मीच लिहून देते, तुम्ही फक्त सही करा.

‘विधी व न्याय मंत्री पुढील बाबींचा खुलासा करतील काय:
(अ) न्यायिक अधिकाऱ्यांविरुद्ध शपथपत्रासह आलेल्या तक्रारींवर निर्णय घेण्यासाठी कोणतीही कालमर्यादा आहे काय; असल्यास ती कोणती;
(ब) गुन्हा नोंदवण्याच्या परवानगीसाठी आलेल्या विनंत्यांची राज्यनिहाय संख्या किती, आणि त्यातल्या किती विनंत्यांना लेखी उत्तर देण्यात आलं;
(क) उत्तर देण्यात आलं नसल्यास, त्याची कारणं काय?’

तुमच्यापैकी जे हा प्रश्न विचारतील त्यांची नावं मी याच ठिकाणी छापीन. जे विचारणार नाहीत त्यांचीही.

कळावे,
एक निवृत्त स्टेनो
नागपूर